घेतला त्या भावात

सिंधूताई हिवराळे पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा मार्च चालू होता आणि मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर घेऊन बसलो होतो. मलकापूरच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. दारात साठीची एक बाई उभी होती, अंगावर साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, एखाद्या विद्यार्थ्याची आजी मार्कांचं विचारायला आली.

"पिंपळटाकळीच्या लेआउटमधला एकतीस नंबरचा प्लॉट तुमचाच ना, सर?"

माझाच होता. मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत ते गाव आहे. २०१७ साली आमच्या स्टाफरूममधल्या चौघांनी तिथं प्लॉट घेतले, त्यांच्या नादानं मीही घेतला. पडून राहील, मुलीच्या शिक्षणाला किंवा लग्नाला उपयोगी येईल, एवढाच विचार. खरेदीच्या दिवशी एकदा जाऊन पाहिला होता, त्यानंतर नाही.

"शेवटचा कधी पाह्यला?" त्यांनी विचारलं.

"झाली असतील पाच वर्षं."

"त्याच्यावर बाभूळ उगवली. डोक्याच्या वर गेली आता. मी पुढच्या ओळीत राह्यते, म्हणून मले दिसते."

मी त्यांना आत बोलावलं. बायकोनं चहा ठेवला. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पिशवीतून एक वही काढली. वहीत अठ्ठावन्न नंबर होते, प्रत्येकासमोर नाव, गाव, आणि बऱ्याच जणांसमोर एक फुली. मी तिथं घर बांधणार आहे का, आणि बांधणार असलो तर कधी, हे विचारायला त्या आल्या होत्या.

त्या हे का विचारत फिरत होत्या, ते कळायला त्यांची थोडी मागची हकीकत सांगावी लागेल. तेव्हा मला ती माहीत नव्हती. पुढं ओळख वाढली तशी कळत गेली.

सिंधूताई एकतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. मोताळा तालुक्यात तीन उपकेंद्रांवर त्यांची नोकरी झाली. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा धम्मरत्न सहा वर्षांचा होता. सासरचं घर दिराकडं राहिलं आणि त्यांनी ते मागितलंही नाही. पुढच्या दोन्ही उपकेंद्रांना क्वार्टर होतं, गळकं पण होतं. पहिल्या ठिकाणी मात्र नव्हतं, म्हणून त्यांनी गावात खोली शोधली. खोल्या होत्या. पहिल्या घरी आडनाव विचारलं आणि खोलीत पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. दुसऱ्या घरी आडनाव विचारलंच नाही. आधी गाव विचारलं आणि मग गावातली गल्ली. तिसऱ्या घरी नुसतंच "रिकामी नाही" म्हणाले. महिनाभरानं त्या तिसऱ्या घरची सून अडली. पावसात रस्ता बंद, गाडी येईना. सिंधूताईंनी तिचं बाळंतपण त्याच रिकाम्या नसलेल्या खोलीत केलं. मुलगा झाला. त्यांना साडीचोळी मिळाली, खोली मिळाली नाही. दीड वर्ष त्या दोन किलोमीटरवरच्या भीमनगरात एका ओळखीच्या घरी राहिल्या आणि रोज चालत उपकेंद्रावर आल्या.

"बाळंतपणाले घरात घेतलं, राहाले नाही घेतलं," एवढंच त्या याबद्दल सांगतात. ताप किती, वजन किती, हे सांगावं तशा आवाजात.

निवृत्ती तीन वर्षांवर आली तेव्हा पिंपळटाकळीला लेआउट पडलं. प्लॉट विकायचं काम रवी नावाचा मोताळ्याचा एक तरुण दलाल पाहत होता. सिंधूताई दबकतच गेल्या. त्यानं आधार कार्ड घेतलं, आडनाव वाचलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही.

"ताई, पैशाले जात नसते," तो म्हणाला. "कोपऱ्यातला पाह्यजे का मधातला, तेवढं सांगा."

हे सांगताना सिंधूताई हसतात. "तीस वर्षांत पयल्यांदा मले कोणी इचारलं का तुम्हाले कोणता पाह्यजे म्हणून."

त्यांनी एक्केचाळीस नंबरचा घेतला. धम्मरत्न तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता. तो फोनवर म्हणाला, "आई, बाजूचाही घेऊन टाक. आत्ता स्वस्त हाय, पुढं सोनं होईन." म्हणून बेचाळीसही घेतला. एक राहायला, एक ठेवायला.

घर बांधलं कचरू तायडेनं. कचरू मलकापूरचा गवंडी. स्वतः बायकोमुलीसह भाड्याच्या खोलीत राहायचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा आणि बाहेरून दार असलेली एक जास्तीची खोली, एवढं काम त्यानं पाच महिन्यांत केलं. खिडकीची चौकट बसवायच्या आधी त्यानं विचारलं होतं, "ताई, खाट कुठं टाकसान? ऊन तोंडावर याले नको." सिंधूताईंनी खडूनं फरशीवर खाट काढून दाखवली आणि त्यानं खिडकी दोन फूट सरकवली. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत त्या राहायला आल्या.

अठ्ठावन्न प्लॉट आणि राहती घरं चार. बाकी सगळीकडे नंबर लिहिलेले दगड आणि गाजरगवत. आखलेले रस्ते दोन पावसाळ्यांत दिसेनासे झाले. वीज लांबच्या खांबावरून लोंबत्या वायरीनं आली, पाणी आलंच नाही. चार घरांतल्या बायका वामनरावांच्या विहिरीवरून पाणी आणत.

वामनराव पाटील म्हणजे या जमिनीचे जुने मालक. गावात त्यांची आणखी बरीच जमीन आहे. रस्त्यालगतचे हे तीन एकर त्यांनी मुलाच्या आग्रहानं विकले. पण सवय सुटली नव्हती. रोज सकाळी ते जुन्या बांधाच्या अंदाजानं प्लॉटांमधून चक्कर मारत. सिंधूताई पहिल्यांदा कळशी घेऊन विहिरीवर गेल्या तेव्हा ते तिथंच होते. त्या थांबल्या. आपण भरायचं की कोणी वरून ओतेल, हे त्यांना कळेना. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी दोन्ही पाहिलं होतं.

"भरा ना, शिश्टर," वामनराव म्हणाले. "मोटर चालू करू काय?"

पुढं ते कधीमधी बीपी तपासून घ्यायला ओट्यावर येऊन बसू लागले. रिकाम्या प्लॉटांकडं पाहून म्हणायचे, "म्या एकरानं इकलं, लेआउटवाल्यानं फुटानं इकलं. या तीन एकरात कपाशी घेतली, तूर घेतली, सोयाबीन घेतलं. आता इथं काहीच येत नाही, तरी लोक म्हणते दर साली पीक जोरात हाय."

पीक म्हणजे भाव. सिंधूताईंनी लाख-सव्वालाखात घेतलेला प्लॉट पाच वर्षांत साडेचारला गेला होता. रवी मोटारसायकलवरून गिऱ्हाइकाला घेऊन यायचा आणि जाता जाता ओरडून सांगायचा, "ताई, पेढे द्या! अजून पन्नास हजार चढले!"

"ताप चढला म्हणून कोणी पेढे वाटते काय रे?" सिंधूताई म्हणायच्या. तो हसायचा.

पाण्यासाठी त्या ग्रामपंचायतीत गेल्या. सरपंच नीट बोलले. चार घरांसाठी टाकी आणि लाइन मंजूर होणार नाही, दहा घरं राहती झाली की ठराव घेऊ, असं म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. सिंधूताईंनी घरी येऊन वही काढली. पोलिओच्या डोसासाठी त्यांनी सगळी हयात घरोघर हिंडण्यात घालवली होती. सहा घरं मिळवायला अठ्ठावन्न दारं, हे काम त्यांना अवघड वाटलं नाही. रवीकडून नावं घेतली, तलाठ्याकडून पडताळली आणि एस.टी.नं फिरायला लागल्या. नांदुरा, खामगाव, बुलढाणा, मलकापूर.

लोक भेटले. नांदुऱ्याच्या एका डॉक्टरला आपला प्लॉट कोणत्या गावात आहे हे आठवेना, त्यानं बायकोला हाक मारून विचारलं. मलकापूरच्या एका कापड दुकानदारानं सांगितलं की त्यानं तो केव्हाच विकला, ज्याला विकला त्यानंही विकला, पुढचं माहीत नाही. बुलढाण्याचे एक निवृत्त कारकून म्हणाले, "बांधायचंय हो, मनात फार आहे. पण पोरगा म्हणतो, बांधलं की पैसा अडकला." कोणीच वाईट बोललं नाही, काहींनी तर जेवायला थांबवलं, पण वहीत फुल्या वाढत गेल्या.

माझा नंबर आला तोवर तेवीस फुल्या झाल्या होत्या. मी त्यांना खरं ते सांगितलं. माझं घर मलकापुरात आहे, मी तिथं कधीच राहणार नाही, प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलाय.

"मंग ज्याले राहाचं हाय त्याले इकून टाका ना, सर."

"विकेन ना. भाव आला की विकेन."

"आलाच हाय की भाव. अजून किती याले पाह्यजे?"

त्यांनी हे साधेपणानं विचारलं, पण मला ते लागलं. माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन ही बाई मला जाब विचारते आहे, असं वाटलं. वहीत एक्केचाळीस आणि बेचाळीस या दोन्ही नंबरांसमोर एकच नाव मी मघाशीच पाहिलं होतं.

"तुमचाही एक रिकामाच आहे ना, ताई?" मी म्हणालो. टोचून म्हणालो, हे आता कबूल करतो.

त्यांनी वहीकडं पाहिलं.

"हाव, सर," त्या म्हणाल्या. "ते खरं हाय."

चहा संपवला, कप स्वतः उचलून आत नेऊन दिला आणि गेल्या. माझ्या नंबरासमोर त्यांनी फुली मारली की नाही, ते मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी फिरणं बंद केलं. आठ-दहा दिवसांनी कचरूला निरोप पाठवला. तो रविवारी आला. घरात कुठं भेग पडली असेल असं समजून थापी-ओळंबा घेऊनच आला होता.

"बेचाळीस नंबर तुले पाह्यजे काय?" सिंधूताईंनी विचारलं.

कचरू हसला. "ताई, साडेचार लाखाचा प्लॉट मी घेऊ?"

"साडेचारले नाही. म्या घेतला त्या भावात."

त्याला आधी पटेना. मग तो ओट्यावर खाली बसला. त्याच्याजवळ साठवलेले लाखभर होते, बाकीचे त्यानं आठवड्याभरात जमवले. मोताळ्याला खरेदी झाली. अंगठा-सही झाल्यावर कचरू पाया पडायला वाकला, तर सिंधूताईंनी त्याला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "अरे, इकत घेतला तू. पाया कायले पडतं?"

धम्मरत्नला त्यांनी नंतर सांगितलं. फोनवर मोठं भांडण झालं.

"आई, मी इथं पस्तीस लाखाचा फ्लॅट घेतला. माह्यासाठी कोणी भाव कमी केला? एक रुपया नाही केला. सगळ्या जगाकडून महाग घ्याचं अन् इकतानी आपणच स्वस्त द्याचं, हे कोणतं गणित?"

"कुठंतरी कोणी थांबा लागंन ना, बाबू."

"तू थांबल्यानं जग थांबते काय?"

"जगाचं नाही म्हणत मी. बेचाळीस नंबरचं म्हणून राह्यली."

त्यानं महिनाभर फोन केला नाही. मग केला, तेव्हा दोघांनीही तो विषय काढला नाही.

कचरूनं मे महिन्यात पाया खोदला. दर रविवारी बायको महामायाला घेऊन यायचा, दोघं मिळून खोदायचे. सिंधूताई भाकरी करून ठेवायच्या. मग पावसाळा आला आणि काम थांबलं. पावसाळ्यानंतरही सुरू झालं नाही. कचरूला फोन केला तर "येतो ताई, एक काम हातात हाय" असं म्हणायचा. पायाच्या चरात पाणी साचून बेडूक झाले, मग ते आटलं. असं आणखी एक वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवाळीच्या नंतर एका सकाळी चार माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी चर बुजवले, लोखंडी अँगल ठोकले, तारेचं कुंपण घातलं आणि एक पाटी लावली. पाटीवर जळगावच्या कोण्या माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर होता. सिंधूताईंनी विचारलं तर एक जण म्हणाला, "साहेबांनी नवीन घेतला, मावशी. सव्वापाचला."

त्याच दिवशी त्या मलकापूरला आल्या. कचरूच्या जुन्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं नवा पत्ता सांगितला. रेल्वे लाइनीपलीकडं जुन्या वस्तीत दीड खोल्यांचं घर. दारावर नव्या पाटीवर कचरू, महामाया आणि मुलगी समता, तिघांची नावं होती. समतानं दार उघडलं आणि बाजूला झाली. कचरू जेवत होता. तो ताटावरून उठला.

"जेव आधी," सिंधूताई म्हणाल्या.

त्यानं हात धुतले. महामाया आतल्या दाराशी उभी राहिली.

"काऊन इकला, कचरू?"

"ताई, बांधाचाच इचार होता," तो म्हणाला. "पाया खोदला, तुम्ही पाह्यलं. पण सकाळी सातले मले नाक्यावर उभं राहा लागते. सातले नसलो तं त्या दिवशी काम नाही. तिकून पहिली गाडी साडेसातले निघते. हिचं शाळेतलं खिचडीचं काम इथं. पोरीचं कॉलेज इथं. तिथं घर झालं असतं ताई, पण राहणं झालं नसतं."

"मंग मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं तुम्ही नको म्हटलं असतं. अन् तुम्हाले नाही म्हणाची माही हिंमत नाही."

कचरू पुढं म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "एक इचारू, ताई? तुम्ही मले प्लॉट देला का तुमच्या बाजूनं राहाची अट देली?"

"अट तं नव्हती."

"असती तं मी घेतलाच नसता."

महामाया तेव्हा पहिल्यांदा बोलली. "चौदा वर्षांत नऊ खोल्या बदलल्या, ताई. अकरा महिने झाले का सामान उचला. भिंतीले खिळा ठोकाचा तं मालकाले इचारा लागे."

सिंधूताईंनी भिंतीकडं पाहिलं. समोरच्या भिंतीत सात-आठ खिळे होते. दोनांवर फोटो, एकावर दप्तर, एकावर चाळणी. बाकीच्यांवर काहीच नव्हतं. ठोकता येतात म्हणून ठोकले होते.

समतानं चहा आणला. चहा झाल्यावर कचरू आत गेला आणि पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. "हे घर घेऊन उरले त्यातले. अर्धे तुमचे हाय. म्या वेगळे ठेवले होते."

"ठेव," त्या म्हणाल्या. "पोरीले लागतील."

हा सगळा प्रसंग त्यांनी मला मलकापूरच्या बसस्टँडवर सांगितला. त्या मोताळ्याची गाडी पाहत होत्या आणि मी घरी चाललो होतो. त्यांनीच हाक मारली. मी शेजारी बसलो. गाडी तासभर आली नाही.

"पैसे घ्यावेसे वाटले नाहीत?" मी विचारलं.

"वाटले, सर. खोटं कायले बोलू? हात पुढं आलाच होता."

"आणि पस्तावा?"

"प्लॉट गेला त्याचा नाही होत. मले वाटलं होतं का म्या भाव थांबवला. थांबला काहीच नाही. माह्या हातात होता, तो दुसऱ्याच्या हातात गेला. अन् तिथं तार लागली."

"पण कचरूला घर झालं."

"हाव. तेही खरं हाय." मग म्हणाल्या, "त्यानं फसवलं म्हणाव तं फसवलं नाही. अन् नाही म्हणाव तं मले वाईट वाटून राह्यलं. रवीनं मले इकला तवा त्यानंही अट नाही घातली. घातली असती, जातीची नाहीतर कायची, तं मले घर झालं असतं काय?"

मला स्टाफरूममध्ये लोक विचारतात, प्लॉट ठेवलास की काढलास. ठेवलाय. बाभूळ मात्र माणूस पाठवून तोडून घेतली.

पाण्याचं पुढं मार्गी लागलं, पण वहीमुळं नाही. वामनरावांच्या पत्नी रुक्मिणीबाईंना गुडघ्याचा त्रास झाला आणि सिंधूताई तीन महिने रोज जाऊन त्यांना व्यायाम देत होत्या. एक दिवस वामनराव म्हणाले, "शिश्टर, तुम्ही या वयात कळशी वाह्यता अन् आमच्या घरी येता. बरं नाही दिसत." त्यांनी विहिरीवरून लेआउटपर्यंत पाइप टाकला. तोवर घरं सहा झाली होती. सहा घरं मिळून मोटरीचं वीजबिल भरतात. वामनराव पाण्याचे पैसे घेत नाहीत. त्यावर त्यांच्या मुलानं एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "जमीन इकली मी. विहीर नाही इकली."

त्याच सुमाराला पिंपळटाकळीच्या उपकेंद्रावर पूनम नावाची नवी आरोग्यसेविका आली. संग्रामपूरकडची, तेवीस वर्षांची, शेतकऱ्याची मुलगी. उपकेंद्राच्या क्वार्टरचं छत पडलेलं होतं. गावात तिला खोली मिळेना. आडनावाची अडचण नव्हती. एकट्या पोरीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि रस्त्यालगतच्या नव्या घराच्या मालकानं अडीच हजार सांगितले होते. ती उपकेंद्राचं रजिस्टर समजून घ्यायला सिंधूताईंकडं आली, तेव्हा हे बोलली.

सिंधूताईंनी तिला बाहेरच्या दाराची खोली दाखवली. तिथं जुनं सामान भरलेलं होतं, फरशी अर्धीच बसवलेली होती आणि मोरी नव्हती. त्यांनी कचरूला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तीन दिवस राबून त्यानं फरशी पुरी केली, मोरी बांधली, आत एक कट्टा काढला. शेवटच्या दिवशी सिंधूताईंनी मजुरी विचारली. त्यानं पूर्ण सांगितली, त्यांनी पूर्ण दिली. तारेच्या कुंपणाकडं दोघांनीही पाहिलं नाही असं त्या सांगतात, पण पाहिल्याशिवाय ते कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

भाडं किती घ्यायचं, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. रंग, वीज, मोटरीतला वाटा, वर्षाकाठी डागडुजी. सगळं मिळून महिन्याला आठशेच्या वर जाईना. त्यांनी पूनमला आठशे सांगितले.

शनिवारी पूनमची आई खोली पाहायला आली. तिनं मोरीत पाणी ओतून पाहिलं, दाराची कडी तीनदा लावली-काढली, खिडकीचे गज हलवून पाहिले. सगळं ठीक होतं. मग भाडं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. ती लेकीला घेऊन ओट्याच्या टोकाशी गेली. हळू बोलत होती, पण सिंधूताईंना ऐकू येत होतं.

"आठशे काऊन? बाकी लोक अडीच हजार मागते. काही गडबड हाय काय या खोलीत? कोणी मेलं-बिलं तं नाही इथं?"

पूनम म्हणाली, "आई, मावशी चांगल्या हायत."

"चांगल्या हाय म्हणूनच इचारून राह्यली."

आई परत आली आणि म्हणाली, "घरी इचारून सांगतो, बाई."

खर्च एवढाच येतो, हे सिंधूताईंनी तिला सांगून पाहिलं. त्यानं तर ती आणखीच घाबरली. खर्चाच्या भावात खोली देणारं माणूस तिनं पाहिलेलं नव्हतं. शेवटी सिंधूताई म्हणाल्या, "आठशे बिगर लाइट-पाण्याचे सांगतले होते. सगळं धरून बाराशे पडतील. त्याच्या खाली नाही परवडत मले."

पूनमची आई लगेच खाली बसली. अकराशे करा म्हणाली, थोडी घासाघीस केली, आणि साडेअकराशेवर दोघींचं जमलं. मग तिनं पदराची गाठ सोडून पहिल्या महिन्याचे पैसे काढले आणि समाधानानं विचारलं, "चूल बाहेर मांडली तं चालंन ना?"